उन्हाचं पेव

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मी तीस वर्षं शाळेत शिकवला. मुलं वाक्यात उपयोग अगदी बिनचूक करायची. "निवडणुका जवळ येताच पुढाऱ्यांचे पेव फुटले." पैकीच्या पैकी गुण! पण पेव म्हणजे काय असं विचारलं की वर्ग गप्प. एकदा एकाने धीर करून सांगितलं, "बाई, फोड असेल."

मी सांगली भागातली, त्यामुळे पेव मला लहानपणापासून माहीत. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोदलेलं कोठार, तोंड अरुंद आणि आत पोट मोठं. एकदा हळद भरून तोंड बंद केलं की कीड नाही, ओल नाही, भाव येईपर्यंत माल सुखरूप. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे. आत कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते, म्हणून आधी कंदील सोडून बघायचे. २००५ च्या महापुरात यातली बरीचशी पेवं गेली. असो. आज हळदीबद्दल लिहायचं नाहीये. पण पेव डोळ्यांसमोर असलं तर पुढचं समजायला सोपं जाईल.

आमची धाकटी लेक डेन्मार्कमध्ये ओडेन्सला असते, हे घरातल्या मंडळींना ठाऊक आहेच. २०२३ च्या जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे होतो. गेल्या गेल्या माझ्या लक्षात आलं की तिच्या घरात गीझर नाही, बंब नाही, शेगडी नाही. तरी नळाला चोवीस तास कढत पाणी, आणि भिंतीला टेकून उभे लोखंडी पत्रे, जे थंडीत तापतात म्हणे. ह्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पाणी तापवतंय कोण?" जावई म्हणाले, "गाव." त्यांच्या भाषेत याला 'फ्येर्नवार्मं' म्हणतात, म्हणजे दूरची ऊब. गावाबाहेर एका ठिकाणी पाणी तापवायचं, ते जमिनीखालच्या नळांतून घरोघर फिरवायचं, घरं तापवून गार झालेलं पाणी परत न्यायचं आणि पुन्हा तापवायचं. नगरपालिकेच्या नळासारखंच, फक्त फेरी पूर्ण करणारं. डेन्मार्कमधल्या जवळपास दोन तृतीयांश घरांत ही सोय आहे.

भूगोल शिकवलेल्या बाईला एवढ्यावर गप्प बसवेना. पाणी तापवायला काय जाळता, हा पुढचा प्रश्न. कुठे कचरा, कुठे लाकूड, कुठे गॅस, पूर्वी कोळसा. आणि मग लेक म्हणाली, "आई, इथून जवळच एका बेटावर उन्हाने गाव तापवतात. बघायचंय?"

मंडळी, डेन्मार्क आहे कुठे ते नकाशात बघा. ५५ अंश उत्तर! जूनमध्ये सतरा तासांचा दिवस, डिसेंबरात जेमतेम सात तासांचा. तोही ढगांत गुंडाळलेला. आपल्याकडे वर्षभरात त्यांच्या जवळजवळ दुप्पट ऊन पडतं. ऊब लागते तेव्हा ऊन नाही आणि ऊन असतं तेव्हा ऊब नको, असा तो देश. तिथे उन्हावर गाव तापवणं म्हणजे पावसाळ्यात वाळवणं घालण्यातला प्रकार. मला वाटलं, लेक गंमत करतेय.

ओडेन्सहून आगगाडीने स्वेनबोर्ग, तिथून सव्वा तास बोटीने एरो बेट, आणि बेटावर फुकटची बस (हो, फुकट! ह्यांनी दोनदा खात्री करून घेतली). बेटाच्या पूर्व टोकाला मार्स्टल. वस्ती दोन हजारांच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडची बऱ्यापैकी मोठी वाडी. एके काळी दर्यावर्दींचं गाव, शिडाच्या जहाजांचा मोठा ताफा इथला होता. बंदराला लांबलचक दगडी धक्का आहे. १८२५ पासून गावकऱ्यांनी तो स्वतः बांधला, थंडीत जहाजं उभी असायची तेव्हा दगड वाहून. सरकार बांधेल म्हणून बसून राहिले नाहीत. हे मी मुद्दाम सांगतेय, पुढे उपयोगी पडेल.

गावाच्या कडेला शेतात काचेच्या लांबच लांब रांगा, दक्षिणेकडे तोंड करून. वीज करणाऱ्या पट्ट्या नव्हेत. आपल्या गच्चीवरच्या सौर बंबाचीच ही थोरली भावंडं. काचेखाली काळा पत्रा, पत्र्याला नळ्या, नळ्यांत गोठू नये असं पाणी. एकूण ३३,३०० चौरस मीटर. आणि शेजारी एक मोठं सपाट, किंचित फुगीर काहीतरी, क्रिकेटचं मैदान रबराने झाकलं असावं तसं. लेकीने सांगितलं, त्याखाली ७५,००० घनमीटर पाणी आहे. मी मनातल्या मनात गुणाकार केला. साडेसात कोटी लिटर. सप्टेंबरापर्यंत वरचं पाणी ऐंशी अंशांच्या पुढे जातं, हात घालू नये असं.

हे पेवच की! कामही तेच. सुगीला भरायचं आणि टंचाईला काढायचं.

बांधायची रीतही इतकी साधी की मला हसू आलं. उलट्या पिरॅमिडसारखा खड्डा खणायचा, निघालेली माती काठावरच रचून बांध करायचा, आत जाड प्लास्टिकचं अस्तर, त्यात शुद्ध केलेलं पाणी, आणि वर तरंगणारं जाड झाकण. खाली-बाजूने उष्णतारोधक काही घालत नाहीत, कोरडी मातीच ते काम करते. पाणी थरांनी राहतं, गरम वर आणि गार खाली, हे आपण सातवीत शिकवतो. उन्हाळ्यात तळाचं गार पाणी काढून, तापवून, वर सोडायचं. थंडीत वरचं गरम काढून घ्यायचं.

पण हे महिनोन्‌महिने गरम कसं राहतं? याचं उत्तर आपल्या आज्यांना ठाऊक होतं. कपातला चहा दहा मिनिटांत गार होतो, लग्नघरचा हंडा सकाळी तापवला तर दुपारपर्यंत कोमट असतो. भांडं जितकं मोठं, तितकं आतल्या पाण्याच्या मानाने त्याचं अंग लहान, आणि उष्णता जाते ती अंगातून. म्हणून हे एकेका घराने करायचं कामच नाही. मार्स्टलला सुमारे पंधराशे घरं जोडलेली आहेत. भागाकार केला तर घरटी पन्नास हजार लिटर पाणी. पन्नास हजार लिटरची टाकी परसात खणून कोणी थंडीभर गरम ठेवू बघेल तर ती दिवाळीलाच गार पडेल. पंधराशे घरांनी एकत्र केली की टिकते. सहकाराची बाजू मांडायला भाषणं लागतात असं मी समजत होते, इथे पदार्थविज्ञानानेच ती मांडून ठेवलेली.

एकदम एवढं केलं नाही त्यांनी. १९९६ मध्ये आठ हजार चौरस मीटरवर सुरुवात. मग २००३ पर्यंत अठरा हजारांच्या वर आणि एक लहान, दहा हजार घनमीटरचा खड्डा. तो चालतो म्हटल्यावर २०१२ मध्ये हा मोठा. आज वर्षाच्या गरजेपैकी चाळीस ते पन्नास टक्के उष्णता उन्हाची, उरलेली लाकडाच्या ढलप्या जाळून आणि एका मोठ्या उष्णता-पंपाने. म्हणजे सगळं ऊन नाही, हे लक्षात ठेवायला हवं. इकडे असं काही सांगितलं की लोक लगेच शंभर टक्के करून मोकळे होतात.

खरं नवल मला पुढेच वाटलं. लेकीच्या ओळखीच्या एक बाई मार्स्टलला राहतात, त्याही निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे कॉफी घेतली. (तीन प्रकारचे केक होते. डॅनिश आदरातिथ्य थंड असतं असं कोणी म्हणत असेल तर तो उपाशी परत आलेला असणार.) मी विचारलं, "या सगळ्याचा मालक कोण?" त्या म्हणाल्या, "मी." मग हसून रस्त्याकडे हात केला, "आणि हे शेजारी, आणि तो बेकरीवाला."

१९६२ सालची ही सहकारी संस्था. ज्याच्या घरी नळ तो सभासद. प्रत्येकाला सभेत मत, संचालक मंडळ सभासदांतून निवडलेलं. डेन्मार्कमध्ये अशा चारशेच्या आसपास ऊब-संस्था आहेत. मोठ्या शहरांतल्या बहुधा नगरपालिकांच्या, पण लहान गावांतल्या बहुतेक अशाच, गावकऱ्यांच्या. ही सवय जुनी आहे. १८८२ मध्ये येदिंग नावाच्या गावात शेतकऱ्यांनी सहकारी दूधसंस्था काढली, तेव्हापासून तिकडे म्हण आहे की मत डोक्यांवर मोजायचं, गुरांवर नाही.

मी विचारलं, "पैसे बुडाले तर?" त्यांना प्रश्न कळेना. लेकीने फिरवून विचारलं. तेव्हा म्हणाल्या, "बुडाले तर आमचंच बिल वाढेल. म्हणून तर आधी लहान खड्डा खणला."

वाचकहो, मी हा प्रश्न का विचारला ते सांगते. माझ्या ट्रंकेत वडिलांच्या नावाचा एक शेअर दाखला आहे. आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याचा. नाव लिहीत नाही. वडिलांनी तो घेतला तेव्हा आईच्या पाटल्या मोडल्या होत्या, आणि आईने त्याबद्दल कधी तक्रार केलेली मला आठवत नाही. कारखाना सुरू झाला त्या दिवशी घरात पुरणपोळी होती. "आपला कारखाना" असंच वडील शेवटपर्यंत म्हणत. तो पुढे कर्जात गेला, बंद पडला, लिलावात निघाला. दाखल्याची आज किंमत म्हणाल तर कागदाची. वडील हे बघायला राहिले नाहीत, एवढंच बरं. त्यामुळे 'सहकार' हा शब्द ऐकला की माझ्या पिढीतल्या माणसांच्या तोंडाला कडवट चव येते. नव्या पिढीला तर तो शिवीसारखा वाटतो.

पण आमची माणसं वाईट आणि डेन्मार्कची देवमाणसं, असं म्हणायला मी तयार नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला आणि १९५०-५१ मध्ये पहिला हंगाम झाला, तेव्हा तीही एवढीच निर्मळ गोष्ट होती, आणि त्यातली कित्येक माणसं चौथीसुद्धा शिकलेली नव्हती. मग फरक कुठे पडला?

मी परत आल्यावर बरेच दिवस यावर विचार केला, लेकीला फोन करकरून भंडावलं. मला वाटतं, फरक साठवलेल्या वस्तूत आणि तिच्याभोवतीच्या कायद्यात आहे. १९७३ च्या तेलसंकटात डेन्मार्कची गाळण उडाली होती. त्यांची ऊर्जा नव्वद टक्क्यांच्या वर आयात तेलावर. त्या हिवाळ्यात रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी होती. त्यातून १९७९ मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला. ऊब विकून नफा करायचा नाही, हे त्यांचं सूत्र. खर्च होईल तेवढाच दर. वर्षाअखेरीला काही उरलं तर पुढच्या वर्षी बिल कमी, तूट आली तर जास्त. शिवाय देशातल्या सगळ्या संस्थांचे दर सरकारी नियामक जाहीर करतो. शेजारच्या गावाचं बिल कमी का आणि आपलं जास्त का, हे कोणीही विचारू शकतं. दिवाणखान्यात बसून. कर्जाला नगरपालिका जामीन राहते, म्हणून व्याज कमी आणि मुदत लांब. मोठ्या खड्ड्याला युरोपीय संघाचं अनुदानही होतं, तेव्हा सगळंच स्वतःच्या खिशातून केलं असंही नाही.

म्हणजे बघा, त्या पेवात चोरण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. गरम पाणी घरी नेऊन दडवता येत नाही, नफा वाटून घेता येत नाही. आणि गरम पाण्याच्या अध्यक्षपदावरून कोणी आमदार होत नाही! आमच्याकडे कारखान्याचं अध्यक्षपद ही पुढच्या जिन्याची पहिली पायरी होती. मी त्या बाईंना विचारलं, वार्षिक सभेला किती लोक येतात? त्या म्हणाल्या, थोडेच, नळाला पाणी गरम येतंय तोवर कोण येणार? संचालक व्हायला माणसं शोधावी लागतात. हे ऐकून मला तर फार बरं वाटलं. ज्या खुर्चीसाठी माणसं शोधावी लागतात ती खुर्ची स्वच्छ असणार. ह्यांचं मत उलटं आहे. ते म्हणतात, लोक यायचे थांबले की कीड लागते, आमच्याकडेही असंच झालं. यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. मार्स्टलच्या मोठ्या खड्ड्याच्या झाकणात काही वर्षांनी ओल शिरली, उष्णता निसटायला लागली आणि झाकण बदलावं लागलं. सतत ऐंशी-नव्वद अंशांच्या पाण्याने प्लास्टिकही म्हातारं होतं. पण चुकलं कुठे ते पुढच्या गावांना कळलं. द्रोनिंगलुंडने २०१४ मध्ये एका जुन्या खडीच्या खाणीत साठ हजार घनमीटरचं पेव केलं, वोयेन्सने २०१५ मध्ये दोन लाख घनमीटरचं. सिल्केबोर्ग शहराने २०१६ मध्ये दीड लाख चौरस मीटरहून अधिक काच उभी केली, पण मोसमी पेव नाही, त्यामुळे शहराची साधारण वीस टक्केच गरज भागते. म्हणजे काच कितीही वाढवा, साठवण नसेल तर उन्हाळ्याच्या आंघोळीपलीकडे मजल नाही. अलीकडे नव्या काचा तिकडे फारशा उभ्या राहत नाहीत, वाऱ्याची वीज स्वस्त झाल्याने गावं मोठे उष्णता-पंप बसवतात. पेवं मात्र त्यांनाही हवी आहेत. कोपनहेगनजवळ तशी एक पेव झालीसुद्धा आहे, तिच्यात ऊन नाही, इतर ठिकाणची उष्णता साठवतात.

उलट कॅनडातली गोष्ट ऐका. आल्बर्टा प्रांतात ओकोटोक्स गावी ५२ घरांची एक वसाहत २००७ पासून अशीच तापवत. गॅरेजांच्या छपरांवर ८०० काचा, आणि साठवण पाण्यात नव्हे तर जमिनीत, १४४ खोल विंधणं घेऊन. कडाक्याची थंडी तिथे. तरी २०१५-१६ च्या हिवाळ्यात त्यांनी घरं तापवण्याची शंभर टक्के गरज उन्हातून भागवली. जगभर कौतुक झालं. आणि २०२४ मध्ये ते सगळं बंद करून घरांना गॅसच्या भट्ट्या बसवल्या. यंत्रं जुनी झाली होती, सुटे भाग मिळेनात, दुरुस्ती ५२ घरांना पेलेना. मालकी रहिवाशांची नव्हती, गॅस कंपनी, बिल्डर आणि नगरपालिका यांच्या मिळून काढलेल्या कंपनीची होती. मालकी रहिवाशांची असती तर टिकलं असतं का? ५२ घरांना कदाचित तरीही नाही. पण निर्णय तरी त्यांचा असता.

आता तुम्ही विचाराल, सांगलीत बसून या बाईला घरं तापवण्याची काय पडली आहे? आम्हाला तर घर गार कसं ठेवायचं ही चिंता. खरंच आहे. आपल्याकडे असले खड्डे खणा असं मी म्हणत नाही. पण आमच्या सोसायटीत बारा फ्लॅट आहेत आणि गच्चीवर बारा सौर बंब. सोळा वर्षांपूर्वी एकच मोठा घ्यायचा ठराव आला होता. वरच्या मजल्यावरचे आधी सगळं पाणी वापरतील, खालच्यांना गार मिळेल, आणि दुरुस्तीचे पैसे कोण देणार, यावर दोन सभा भांडून शेवटी ज्याने त्याने आपापला घेतला. आता त्यातले पाच क्षार साचून बंद आहेत, तीन गळतात, आणि गच्चीत पापड वाळत घालायला जागा नाही.

या वेळी मी अर्ज दिला आहे. एक मोठी टाकी, प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर, हिशेब दर महिन्याला जिन्यातल्या फळ्यावर. मीटरची कल्पना ह्यांची. वडिलांचा दाखला मी पिशवीत घालून नेणार आहे, कोणाला दाखवायला नाही, असू दे म्हणून. नोटिशीत विषय क्रमांक सहा आहे. सभा रविवारी सकाळी साडेदहाला, गणसंख्या पुरी न झाल्यास अकरा वाजता त्याच जागी.